पोरांना हुरडा देताना
डिसेंबर सरता सरता सोलापूरकडे ज्वारी हुरड्यात येते. पोरांना शेतावर जरूर न्या, पण आगटीतलं, म्हणजे निखाऱ्यांच्या खड्ड्यात भाजलेलं, कणीस थेट त्यांच्या हातात देऊ नका. वरून गार वाटतं, आतल्या दाण्यांत वाफ असते. मोठ्यांनी पोत्यावर चोळून दाणे पाडावेत. सुपात पाखडायचं काम मात्र पोरांचं. निम्मा हुरडा मातीत जातो, जाऊ द्या! राहिलेली कूस, म्हणजे दाण्यांवरचं टोकदार तूस, घशाला टोचते, मग खोकला थांबता थांबत नाही, म्हणून दाणे तळव्यावर पसरून एकदा फुंकर मारायचीच. अगदी लहानग्याला दाणे चुरडून, मांडीवर बसवूनच भरवा. आपली शेंगाचटणी त्यांना झेपायची नाही. गूळ नाहीतर दही द्या. आणि गरम-कोमट आहे तोवरच संपवा, गार हुरडा चिवट लागतो.