सुया काढल्यानंतरचा एक तास

सांगलीत माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. माझी लेक साडेपाच वर्षांची. एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, २४ दिवस काचेच्या पेटीत होती. दीड वर्षाची झाली तरी बसेना, तेव्हा सेरेब्रल पाल्सीचं (सीपी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) निदान झालं. तिचा प्रकार स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पाय कडक आणि हात त्या मानाने बरे. उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा टेकत नाहीत. ती वॉकर धरून चालते.

गेलं दीड वर्ष फिजिओथेरपीच्या जोडीने आम्ही बारीक सुया टोचून करायचा उपचार, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर घेतो. फिजिओच्या बाहेरच्या बाकावर बसलं की कुणी ना कुणी आई विचारतेच, "ताई, सुयांनी फरक पडतो का हो?" त्यांना जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट. जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा सुयांनी भरून येत नाही. कुणी तसं म्हणालं तर उठून घरी यावं. काही मुलांचे कडक स्नायू सुयांच्या बैठकीनंतर काही तास सैल पडतात, झोप सुधारते, एवढं होऊ शकतं. यावरचं बरंचसं संशोधन चीनमधलं आहे, छोट्या छोट्या गटांवरचं, त्यामुळे छातीठोकपणे बोलता येत नाही. उलट मुलाने स्वतः हालचाल करून शिकणं, घरच्या रोजच्या कामांतून सराव करणं, याला मात्र भक्कम आधार आहे. म्हणून सुया जोडीला घ्यायच्या, व्यायामाच्या जागी नाही. ही चूक आम्ही केली आहे.

पहिल्यांदा जिथे गेलो तिथे सांगितलं, "व्यायाम बंद करा, त्याने नसा थकतात. चाळीस बैठकांत पोरगी चालेल." चाळीस बैठकांचे पैसे आधीच भरून घेतले. आम्ही सात आठवडे फिजिओ बंद ठेवली. नेमकी तेव्हाच लेकीची उंची वाढत होती. हाडं वाढली, स्नायू मागे राहिले, आणि तिच्या एएफओमध्ये, म्हणजे घोटा आणि पाऊल सरळ धरणाऱ्या स्प्लिंटमध्ये, टाच बसेनाशी झाली. पट्टा ओढला की ती कळवळायची. नवे स्प्लिंट करावे लागले आणि गेलेली टाच परत खाली आणायला चार महिने लागले. पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही. तिचे ते चार महिने गेले, ते अजून सलतं.

सुरू करण्याआधी

मुलाच्या डॉक्टरांना आधी सांगा, लपवून करू नका. आमच्या डॉक्टरांनी नाक मुरडलं नाही, चार प्रश्न विचारले. फिटचे झटके येतात का? येत असतील तर सुयांना वीज जोडून उत्तेजन देण्याचा प्रकार नको. झटक्यांसाठी व्हॅलप्रोएट हे औषध चालू असेल तर रक्त गोठायला मदत करणारे प्लेटलेट कमी झालेले असू शकतात, मग सुई टोचली तिथे रक्त साकळतं, म्हणून आधी रक्त तपासून घ्यायचं. डोक्यात पाणी साठतं म्हणून शंट (ते पाणी काढणारी नळी) बसवला असेल किंवा बाळाची टाळू अजून भरली नसेल तर डोक्यावर सुई नाही म्हणजे नाही. कडक स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर त्या स्नायूत किती दिवस काही टोचायचं नाही, ते इंजेक्शन देणाऱ्यालाच विचारायचं.

आणि खुब्याचा एक्स-रे. कडक स्नायूंच्या ओढीने मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू खोबणीतून बाहेर सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, दिसतही नाही. जे मूल कमी चालतं त्याला धोका जास्त. सुया लागल्यावर पाय छान उघडायला लागले, त्या आनंदात आम्ही एक एक्स-रे टाळला. पुढचा काढला तेव्हा उजवा गोळा ३४ टक्के बाहेर आलेला होता. ३०च्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात. पाय सैल झाला म्हणजे खुबा जागेवर आहे असं मुळीच नाही. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी एक्स-रे, आणि तारीख दुकानातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने.

कुणाकडे जायचं

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणीसाठी परिषद आहे. केंद्रानेही २०१९मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. म्हणून नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारायचा. शिकलेला माणूस चिडत नाही, भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवतो. पण नोंदणी असली म्हणजे लहान मुलांचा हात असतोच असं नाही. "सीपीची किती मुलं बघितलीत? आमच्या फिजिओंशी फोनवर बोलाल का?" हे दोन प्रश्न मी विचारते. दुसऱ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जायचं नाही.

घरातून विरोध होईल, तोही समजून घ्यावा. आमच्या सासूबाई सोलापूरच्या. चिनी सुया म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी ही विद्या पुढे तिथून कोलकात्याला आणली, हे मी त्यांना वाचून दाखवलं. कोटणीसांचं नाव निघाल्यावर त्या मऊ झाल्या. आता बैठकीला लेकीला मांडीवर घेऊन त्याच बसतात.

बैठकीच्या दिवशी

उपाशीपोटी नेऊ नका आणि भरल्यापोटीही नको. तासाभरापूर्वी थोडा वरणभात किंवा केळं. जाण्याआधी शू करवून घ्या. गुडघ्याच्या वर सहज सरकेल अशी सैल पँट घाला. मी बाजूने पूर्ण उघडणारी, वेल्क्रो लावलेली पँट शिवली आहे. ती घातली की पाय ओढाताण न करता मोकळे होतात. पाय ओढला की ते आणखी ताठतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ताप, जुलाब, लसीचा दिवस असेल तर त्या दिवशी बैठक नको.

सुई बघून घाबरू नका. मी दिवसभर सुया हाताळते, पण ही सुई शिवणाच्या सुईसारखी नाहीच. केसासारखी बारीक, हलकेच वाकणारी, लहान मुलांसाठी अर्ध्या इंचाची. प्रत्येक वेळी बंद पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे. एकदा वापरलेली सुई पुन्हा नाही, अगदी आपल्याच मुलाची असली तरी नाही. आता आम्ही ज्यांच्याकडे जातो त्या मॅडमनी पहिल्या दिवशी फक्त चार लावल्या. दोन्ही पायांना गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या बाजूला एकेक, आणि दोन्ही हातांना अंगठा व तर्जनीच्या मधल्या मऊ जागेत एकेक. आता आठ असतात, १५ मिनिटं. छातीवर आणि पाठीच्या वरच्या भागात लहान मुलांना सुया लावू देऊ नका. खाली फुप्फुस असतं.

आपलं मूल अचानक आवाज झाला की दचकतं, सगळं अंग ताणतं. सुया अंगात असताना असं झालं तर दुखतं. म्हणून फोन बंद, दार लोटून घेतलेलं, पंख्याचा वारा थेट अंगावर नाही. सासूबाई तिचे दोन्ही गुडघे खालून हाताने तोलून धरतात आणि हळू आवाजात ओवी म्हणतात. पहिल्या तीन बैठका ती रडली. चौथ्या वेळी सुई लावताना तिने विचारलं, "आता किती राहिल्या?" तेव्हापासून मॅडम प्रत्येक सुई तिला मोजायला लावतात. मूल जीव तोडून रडत असेल तर धरून दाबून सुया लावण्यात काही अर्थ नाही. रडण्यानेच कडकपणा वाढतो. चार बैठकांनंतरही तसंच असेल तर सोडून द्या.

आता सुयांची मोजदाद. दुकान बंद करताना मी उशीवरच्या टाचण्या मोजते, कारण एक जरी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजमध्ये राहिली तर काय होतं ते मला माहीत आहे. त्या पहिल्या ठिकाणाहून आल्यावर संध्याकाळी लेकीचा मोजा काढताना इलॅस्टिकमध्ये काहीतरी चमकलं. सुई होती. रात्रभर तिच्या पायाला माझा हात जात राहिला. त्या दिवसापासून मी लावतानाचा आकडा पेनने तळहातावर लिहिते, काढताना ट्रेमधल्या सुया मोजते, आणि आकडा जुळल्याशिवाय लेकीला उचलत नाही. तुम्हीही हे कराच. यात कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या.

घरी काय करता येईल म्हणून विचारतात. घरी सुई कधीच नाही. गुडघ्याखालच्या त्या जागेवर अंगठ्याने मिनिटभर हलका दाब देता येतो, मॅडमकडून शिकून घेऊन.

सुया काढल्यानंतरचा तास

खरं काम इथे आहे. सुया काढल्यावर लेकीचे पाय साधारण दोन-तीन तास मोकळे असतात. सुरुवातीला आम्ही तिला रिक्षात घालून घरी आणायचो आणि ती झोपून जायची. आमच्या फिजिओ सरांनी विचारलं, "मोकळा झालेला पाय वापरला कुठे?" तो सैलपणा तसाच विरून जात होता. मग आम्ही वेळा बदलल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी चारला सुया, पाचला फिजिओ.

आधी दहा मिनिटं ताण द्यायचा. गुडघा सरळ ठेवून टाच खाली, पाऊल वर, सावकाश, तीस आकडे मोजेपर्यंत. हिसका अजिबात नाही. मग एएफओ आणि गेटर (गुडघा सरळ ठेवणारा पट्टा) लावून, उभं राहायला आधार देणाऱ्या स्टँडिंग फ्रेममध्ये अर्धा तास उभं राहणं, समोर पाटावर कणकेचा गोळा ठेवून. उरलेला वेळ तिला स्वतः करायचं काहीतरी. बाकावरून उठून खिडकीतली बाटली घेणं, वॉकर धरून दोरी ओलांडणं. शेवटचा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानते. आपण ताणलेला पाय आपल्या हाताला कळतो. तिने स्वतः टाकलेलं पाऊल तिच्या मेंदूला कळतं.

ज्यांना फिजिओ लगेच मिळत नाही त्यांनी हा तास घरीच करावा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात) तपासणी आणि थेरपी मोफत असते, तिथून व्यायाम लिहून घ्या.

टेप आणि वही

"बरं वाटतंय" यावर विसंबू नका. आईच्या डोळ्यांना आशा असते. माझ्याकडे टेप आहे, म्हणून मी मोजते. लेकीला पाठीवर झोपवून, गुडघे सरळ ठेवून पाय सावकाश बाजूला न्यायचे, अडेल तिथे थांबायचं, आणि दोन घोट्यांमधलं अंतर घ्यायचं. पहिल्या आठवड्यात सुयांआधी ३१ सेंटीमीटर, नंतर ३७, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत ३२. म्हणजे फरक खरा होता, पण रात्रभर टिकत नव्हता. याशिवाय दर पंधरा दिवसांनी वॉकरने दहा मीटर चालायला लागणारा वेळ, आणि रात्री किती वेळा उठली ते.

बारा आठवड्यांनी सकाळचं अंतर ३५ झालं होतं, दहा मीटरचा वेळ ९४ सेकंदांवरून ६१वर आला होता, आणि रात्री चार वेळा उठणारी पोर एकदाच उठत होती. यात सुयांचा वाटा किती आणि फिजिओचा किती, हे वेगळं काढता येत नव्हतं. म्हणून दिवाळीत तीन आठवडे फक्त सुया बंद ठेवल्या, व्यायाम चालूच. चालण्याचा वेळ तसाच राहिला. झोप बिघडली, आणि सकाळचं अंतर ३३वर आलं. तेव्हा आमच्यापुरतं उत्तर मिळालं. चालणं तिने व्यायामाने कमावलं आहे, सुया तिला झोप आणि सैलपणा देतात. ते आम्हाला पुरेसं वाटलं म्हणून आम्ही पुन्हा सुरू केलं. तुमच्या वहीत असं काही दिसलं नाही तर बारा आठवड्यांनी थांबा, आणि तो वेळ व पैसा व्यायामाला द्या.

पैशांचं. आम्हाला एका बैठकीचे ३०० रुपये पडतात, बारा आठवड्यांचे ७,२००. आधी एकरकमी भरू नका, बैठकीगणिक द्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं विमासंरक्षण असतं, त्यात थेरपीचा आणि पर्यायी उपचारांचाही काही खर्च मिळतो. पावतीवर मुलाचं पूर्ण नाव आणि तारीख लिहून घ्या. माझ्या पहिल्या सहा पावत्या तारखेअभावी वाया गेल्या.

आणि दर तिमाहीला एकच ध्येय ठरवा, मुलाला विचारून. माझ्या लेकीला शाळेची पायरी कुणी न उचलता चढायची आहे. मी जाऊन पायरी मोजली, १५ सेंटीमीटर. घरात पाच-पाच सेंटीमीटरचे तीन पाट आहेत. एकावर एक ठेवून, भिंतीला बसवलेली दांडी धरून, सुयांनंतरच्या तासात सराव चालतो. सध्या दोन पाटांवर उजवा पाय जातो, डावा अजून अडतो.