बेळगाव भागात होमस्कूलिंग करताय? मग मदतीची माणसं अशी शोधा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात होमस्कूलिंगवाल्यांच्या, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्यांच्या, ग्रुपची पाटी कुठे दिसते का बघत फिरलात तर दमाल फक्त. पुण्या-बेंगळुरूला अशी घरं बरीच आहेत, त्यांचं एकमेकांत जमतं पण, आपल्याकडे मात्र अशी घरं तुरळक, आणि जी आहेत ती पण गल्लीत कुणाला कळायला नको म्हणून गप्प असतात. त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे, होमस्कूलिंग करणारेच शोधायचे हा हट्ट सोडा, मुलाला तासभर शेजारी बसवून घेणारी माणसं शोधा, ती इथं भरपूर आहेत, आणि मराठी कन्नड दोन्ही बोलणारी आहेत.

पण माणसांच्या आधी कागद. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यात होमस्कूलिंगला परवानगी असंही कुठं लिहिलेलं नाही आणि बंदी असंही नाही, मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय पण पालकांना दंड त्या कायद्यात सांगितलेला नाही. म्हणजे काय, तर हा मधला प्रदेश आहे, इथं वाद घालून काही मिळत नाही, नीट बोलून मिळतं. शाळा सोडताना दाखला घ्या, कर्नाटकातल्या शाळेत असेल तर मुलाचा सॅट्स नंबर, म्हणजे शिक्षण खात्याच्या नोंदीतला त्याचा नंबर, लिहून ठेवा, मार्कांची कार्डं, आधार, जन्मदाखला सगळं एका फायलीत. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला कधीतरी शिक्षक दारात येतातच, त्यांना बघून दार लावून घेऊ नका हो, ती बिचारी वरून आलेलं काम करत असतात. पाणी द्या, मुलाच्या वह्या दाखवा, काय शिकतोय ते सांगा. यासाठी दर महिन्याचं एक पान लिहायची सवय लावून घ्या, काय वाचलं, कुठं गेलो, गणितात कुठंवर आलो, फोटो चिकटवा, फार छान करायची गरज नाही.

आणि हो, घरचं नाहीच जमलं तर? त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळतो. हे बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या ऑफिसात जाताना माहीत असलेलं बरं, कारण टेबलावरच्या प्रत्येकाला ते आठवतच असं नाही. आपल्या जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन भाग आहेत, बेळगावी आणि चिकोडी, निपाणी-चिकोडीकडची माणसं उगाच बेळगावला खेटे घालतात, त्यांचं डीडीपीआय, म्हणजे खात्याच्या उपसंचालकांचं ऑफिस चिकोडीलाच आहे. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला तर काम लवकर हलतं हा माझा अनुभव, यात मान-अपमान काही नाही, शेजारच्या एखाद्या कन्नड काकांकडून लिहून घ्या, ओळख पण होते.

दहावीसाठी बहुतेक घरं एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा बोर्डाकडे बघतात. वय १४ पूर्ण लागतं, किमान ५ विषय, त्यात एक तरी भाषा, परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला, आणि एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षं ते चालतं, सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. आपल्यासाठी मोठी गोष्ट म्हणजे भाषा विषयात मराठी पण आहे आणि कन्नड पण आहे. अभ्यासकेंद्र कुठलं मिळतंय ते त्यांच्या वेबसाइटवर जिल्हा टाकून बघा, आणि नाव घालण्याआधी तिथं स्वतः जाऊन या, कारण काही केंद्रांवर नुसते फॉर्म भरून घेतात, शिकवणं काही नसतं. दुसरा रस्ता म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी, त्याची चौकशी परत बीईओ ऑफिसातच.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही आणि बारावीनंतर डोक्याला हात लावायची पाळी येते. कर्नाटकच्या सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेश परीक्षेत, राज्याच्या कोट्यातली सीट मागताना नेहमीची अट अशी असते की पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं राज्यातल्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेलं पाहिजे. तिकडे महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांना प्रवेशाची वेगळी सोय आहे, पण तिथं सुद्धा या भागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून परीक्षा पास झालेली लागते. म्हणजे घरी शिकलेली वर्षं दोन्हीकडे मोजताना अडचणीची. इंजिनिअरिंग-मेडिकल डोक्यात असेल तर मूल सातवी-आठवीच्या वयाचं असतानाच त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचून हिशोब करा, इतर कलमं पण असतात, आईवडिलांच्या शिक्षणावरची वगैरे, कदाचित त्यात बसाल. मुलीला चित्रकला, संगीत असं काही करायचं असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, त्या-त्या कॉलेजला आधी विचारलं की झालं.

कागदाचं पुरे. माणसं कुठं भेटतात ते सांगते.

शहरात असाल तर पहिलं वाचनालय. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे, मराठी पुस्तकं तिथं, आणि पुस्तकांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथं पेपर वाचायला येणारे रिटायर्ड मास्तर. यांना कमी समजू नका. जन्मभर हायस्कूलला गणित शिकवलेला माणूस सकाळी अकरा वाजता मोकळा बसलेला असतो, त्याला "ट्यूशन घ्याल का" असं विचारलं तर नाही म्हणेल, पण "सर, पोराला अपूर्णांक कळेनात, आठवड्यातून एकदा बघाल का" असं विचारा. पैसे विचारून द्या, फुकटचं फार दिवस टिकत नाही. सुरुवातीला तुम्ही पण तिथंच बसा, माणूस कितीही ओळखीचा असला तरी मुलाला एकटं सोडायची घाई नको.

खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीचं ग्रंथालय आहे, त्याला आता अरिवु केंद्र म्हणतात. २०२० मध्ये कर्नाटक सरकारने ओदुव बेळकु म्हणून कार्यक्रम काढला त्यात ६ ते १८ च्या मुलांना तिथं फुकट मेंबर करून घेतात. पुस्तकं कन्नडच जास्त असणार हे उघड आहे, पण मग कन्नड कुठं शिकणार? घरी शिकवताना कन्नड मागे पडतं आणि इथं राहायचं तर ते लागतंच, बँकेत, बसमध्ये, आणि उद्या मूल इथल्या शाळेत परत गेलं तर तिथं कन्नड शिकणं सक्तीचं आहे. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या फुकट वेबसाइटवर एकच गोष्ट मराठीत पण मिळते कन्नडमध्ये पण मिळते, दोन्ही समोर ठेवून वाचा, आणि शेजारच्या अक्कांना उच्चार विचारा, त्यांना इतकं कौतुक वाटतं की पोराला रोज बोलावतील.

पाठ्यपुस्तकं विकत घेत सुटू नका. बालभारतीची पीडीएफ फुकट आहेत, आणि कर्नाटक पाठ्यपुस्तक मंडळाची मराठी माध्यमाची पण आहेत, दोन्ही उतरवून घ्या. विज्ञानाचे प्रयोग कचऱ्यातून करायचे तर अरविंद गुप्तांची वेबसाइट, मराठी पुस्तकांचा तिथं खजिना आहे.

हाताचं काम शिकवायला मात्र आपला भाग श्रीमंत आहे. खानापूर मातीकामाचं गाव, तिथं खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, आधी फोन करून मग मुलांना घेऊन जा. शहापूर-वडगावात मागावर साड्या विणणारी घरं आहेत, ओळखीतून गेलात तर हातातलं काम थांबवून धागा कसा भरतात ते दाखवतात, जाताना खाऊचा पुडा न्यायला विसरू नका. इतिहासाला किल्ल्यातली कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर आहे, टिळकवाडीचं वीरसौध आहे जिथं १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण जपलीय, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. नदी शिकवायची तर मलप्रभा कणकुंबीला उगम पावते तिथून सुरू करा, पाण्यावरची वीज शिकवायची तर गोकाकचा धबधबा. आणि वर्षातून एकदा धारवाडचं विज्ञान केंद्र.

दुसऱ्या पालकांशी गाठ कशी पडेल? हिवाळ्यात उचगाव, कडोली, येळ्ळूर असल्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर उभे राहा, मुलासाठी अर्धा तास पुस्तकं चाळणारी आई दिसली की बोला. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, फौजी घरांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, मधल्या काळात मूल घरी असणं त्यांना नवीन नाही, त्यांच्याकडून वेळापत्रकाच्या युक्त्या मिळतात. देशभराच्या ओळखीसाठी स्वशिक्षण ही होमस्कूलर्सची संघटना आहे, तिच्यातून जवळपासचं कोणी आहे का विचारता येतं, गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूर, गोवा, कुठलंही चालेल, सगळं दोन-तीन तासांच्या आतलं.

दोन घरं मिळाली की पुरे, दहाची वाट बघू नका. वार ठरवा, वेळ ठरवा, जागा ठरवा. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोची जुनी झाडं आहेत, सावली फुकट. आधी तासभर खेळ, मग एका मुलाने काहीतरी दाखवायचं, मग डबे. पहिल्याच दिवशी नियम आणि वर्गणी काढली की माणसं गळतात. आणि ग्रुपवर सीमावाद नको, अजिबात नको, एकदा सुरू झाला की मुलांचं राहतं बाजूला.

घरच्यांचं काय? सासूबाई, काका, गल्लीतल्या मावश्या, सगळे विचारणार पोरगं शाळेला का जाईना म्हणून. त्यांना तत्त्वज्ञान सांगू नका, काम द्या. आजीला चकल्या करताना पिठाचं माप मुलाकडून लिहून घ्यायला सांगा, काकांना शेतावर नेऊन बियाणं-खताचा हिशोब करून घ्यायला सांगा. महिन्याभरात तेच बाहेर सांगत फिरतात की आमच्या पोराला सगळं येतंय.

वाचनालयात किंवा ओळखीच्या दुकानात लावायची चिठ्ठी अशी करा: "आमचं मूल घरी शिकतं, वय ९. दर बुधवारी सकाळी खेळायला आणि वाचायला सोबत हवी आहे. कुठलीही भाषा चालेल." खाली तीच ओळ कन्नडमध्ये. मुलाचं नाव आणि घरचा पत्ता त्यावर घालू नका, फोन नंबर दुकानदाराकडे ठेवा, ज्याला खरंच पाहिजे तो मागून घेतो.