शाखा फुटताना ऊर्जेचा हिशेब कसा मांडावा

मापनानंतर विश्वाच्या दोन शाखा होत असतील, तर दुसऱ्या शाखेसाठी ऊर्जा येते कुठून, ही शंका बहुविश्व-कल्पनेशी, म्हणजे पुंजभौतिकीतील मापनाचा प्रत्येक शक्य निकाल विश्वाच्या वेगळ्या शाखेत घडतो या कल्पनेशी, ओळख होताच बहुतेकांना येते. तिचे उत्तर वादात न शोधता आकडेमोड करून पाहावे.

या कल्पनेचे जनक, भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीत अणू, उपकरण आणि निरीक्षक या सर्वांचे मिळून एकच तरंगफलन, म्हणजे त्यांची अवस्था सांगणारे गणिती फलन, असते, आणि ते श्रोडिंगरच्या समीकरणानुसार, म्हणजे ते काळानुसार कसे बदलते हे सांगणाऱ्या नियमानुसार, अखंड बदलत राहते. म्हणून शाखांच्या ऊर्जांची सरळ बेरीज करू नये. प्रत्येक शाखेची ऊर्जा तिच्या भाराने, म्हणजे तरंगफलनात तिला गुणणाऱ्या संख्येच्या (सहगुणकाच्या) परिमाणाच्या वर्गाने, गुणून मगच बेरीज करावी.

हायड्रोजनच्या अणूची तळाची पातळी −१३.६ आणि पहिली उत्तेजित पातळी −३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. दोन्हींच्या समान अध्यारोपणात, म्हणजे अणू एकाच वेळी दोन्ही अवस्थांच्या सारख्या मिश्रणात असताना, सरासरी ऊर्जा −८.५ येते. मापनानंतर प्रत्येकी निम्म्या भाराच्या दोन शाखा होतात आणि भारित बेरीज −८.५ च राहते; सरळ बेरजेने येणाऱ्या −१७ ला काही अर्थ नाही. येथे शाखांमधील मिश्र पदे, म्हणजे दोन्ही शाखा एकत्र येणारी बेरजेतील पदे, शून्य धरली आहेत. परिसरातील असंख्य कणांत गुंतून शाखांमधील व्यतिकरण (एकमेकींवरचा तरंगांसारखा परिणाम) नाहीसे झाल्यावर ते योग्य ठरते, त्याआधी दर वेळी ठरेलच असे नाही.

खरी अडचण याच्या पुढे आहे. उत्तेजित अणू पाहणाऱ्या निरीक्षकाला −३.४ मिळतात, म्हणजे सरासरीपेक्षा ५.१ जास्त. ही अडचण एकट्या बहुविश्व-कल्पनेची नाही. मापनाच्या क्षणी तरंगफलन कोसळून एकच निकाल उरतो असे मानले तरी ती उरतेच, आणि तेथे तर तोल सांभाळायला दुसरी शाखाही नसते. निष्कर्षाआधी अणूला त्या अवस्थेत आणणारा लेसरचा स्पंदही हिशेबात घ्यावा, कारण त्याची स्वतःची ऊर्जाही निश्चित नसते आणि हा फरक व्यवहारात बहुधा त्या अनिश्चिततेत दडतो. तरीही एकट्या शाखेत ऊर्जेची अक्षय्यता (एकूण ऊर्जा कायम राहणे) तत्त्वतः मोडू शकते, असा युक्तिवाद भौतिकशास्त्रज्ञ सीन कॅरल आणि जॅकी लॉडमन यांनी केला आहे. माझ्या मते विचार करण्याजोगा प्रश्न हाच आहे.

कोनीय संवेगासाठीही, म्हणजे फिरण्याशी निगडित संवेगासाठीही, रीत हीच आहे. मात्र गणितज्ञ एमी नोएथर यांच्या १९१८ च्या प्रमेयानुसार अक्षय्यता सममितीवर उभी असते. अणूचा कोनीय संवेग चुंबकाने मोजताना त्या चुंबकाला बाहेरचे क्षेत्र मानून वगळले तर परिवलनाची सममिती (सर्व दिशा सारख्या असणे) आधीच मोडलेली असते, तेव्हा चुंबकालाही तरंगफलनात घेऊनच बेरीज करावी.