पोटाची आणि मनाची नोंद एकाच वहीत

"पोटात गोळा आला" असे आपण सहज म्हणतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारांच्या रुग्णाला मात्र तो गोळा धास्तीचा की आजाराचा, हे रोज ओळखावे लागते. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे जाळे असते, ते व्हेगस मज्जातंतूने मेंदूशी जोडलेले असते आणि या मज्जातंतूतील बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. त्यामुळे "टेन्शन घेऊ नका" एवढ्या सल्ल्याने भागत नाही. (टेन्शन कसे घेऊ नये, हे असा सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत.)

साधी वही घ्यावी. डाव्या पानावर शौचाच्या खेपा, रक्त, कळा आणि औषधे लिहावीत. उजव्या पानावर झोप, मनःस्थिती आणि त्या दिवशीची भीती. एका नाशिककराची नोंद अशी असू शकते: "सोमवार. ३ खेपा, रक्त नाही. उद्या मुंबईची बस; कसारा घाटात कोंडी झाली तर काय, या विचाराने रात्री जेवलो नाही." दुसऱ्या दिवशी: "१ खेप. घाट सुरळीत पार झाला." अशा नोंदी एकापाठोपाठ वाचल्या की भीतीचा वाटा किती, हे कळू लागते.

मात्र रक्त पडणे, शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागणे, ताप येणे किंवा वजन उतरणे हे ताणाच्या खात्यावर टाकू नये. अशा वेळी डॉक्टरांना लगेच भेटावे. विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिनच्या चाचणीवरून आतड्यात दाह आहे का, याचा अंदाज येतो. दाह कमी करणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, कधी उदासीही येते. म्हणून त्याचा डोस बदलल्याची तारीख लिहावी, पण गोळी परस्पर बंद करू नये. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून घ्यावे.

रविवारी मित्र मिसळीला बोलावतात आणि आपण दर वेळी नवी सबब सांगतो, तीही उजव्या पानावर लिहावी. निदान एका मित्राला खरे कारण सांगितले, तर तो पुढच्या वेळी संडास जवळ असलेली जागा निवडतो.

उदासी दोन आठवडे टिकली तर पोटाच्या डॉक्टरांनाच मानसोपचाराबद्दल विचारावे. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र थांबू नये, घरच्यांना सांगावे आणि त्याच दिवशी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतही बोलता येते.

ओपीडीत वेळ थोडा मिळतो, म्हणून आपला पहिला प्रश्न वहीच्या वरच्या ओळीत लिहून वही उघडीच डॉक्टरांसमोर ठेवावी.