म्यूझस्कोरमध्ये मराठी गाणं लिहिताना: सा, ताल आणि अक्षरं

म्यूझस्कोर हे संगीत लिहायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि वाद्यवृंदाला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) लिहून द्यायला पुरेसं आहे. पाश्चात्त्य गाणं त्यात सहज बसतं. भावगीत किंवा अभंग लिहायला घेतला की अडतं ते तीन ठिकाणी: सा, ताल आणि शब्द. पुढचं सगळं आवृत्ती ४ धरून आहे.

गायिकेने ‘काळी चार’ (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी) सांगितलं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जी शार्प शोधू नका. त्या सुराच्या मेजर पट्टीला आठ शार्प (सूर अर्धा स्वर चढवणारी चिन्हं) लागतात, कुणी वाचणार नाही. तोच सूर ए फ्लॅट म्हणून लिहिला की ४ फ्लॅटमध्ये (अर्धा स्वर उतरवणारी चिन्हं) काम होतं. तसंच काळी एक म्हणजे डी फ्लॅट (५ फ्लॅट), काळी दोन ई फ्लॅट (३), काळी पाच बी फ्लॅट (२). काळी तीनला दोन्हीकडे सहाच चिन्हं येतात; व्हायोलिनवाले असतील तर एफ शार्प द्या, त्यांच्या बोटांना शार्प जवळचे.

सोपा मार्ग म्हणजे गाणं आधी पांढरी एकमध्ये (सा म्हणजे सी) लिहा, मग टूल्समधल्या ट्रान्सपोजने पट्टी बदला. तिथे की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची चिन्हं) आणि कॉर्डची नावं बदलण्याच्या दोन्ही चौकटींवर खूण हवी. दिशा ‘क्लोजेस्ट’ ठेवली तर काळी चारसाठी गाणं वर न जाता खाली उतरतं. मग मंद्रातला पंचम व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या जी तारेच्याही खाली जातो. वाद्याच्या आवाक्याबाहेरचे सूर स्क्रीनवर वेगळ्या रंगात दिसतात. छापण्याआधी ते नजरेखालून घाला.

कोमल-तीव्राची एक चूक फार दिसते. बाण वर दाबत सूर चढवला तर सॉफ्टवेअर शार्प लिहितं, खाली उतरवला तर फ्लॅट. त्यामुळे सा वरून चढवलेला कोमल रिषभ सी शार्प म्हणून उमटतो आणि वाचणाऱ्याला एका जागी दोन सा दिसतात. असा सूर निवडून जे दाबा, डी फ्लॅट होतो. उलट तीव्र मध्यम कधीही जी फ्लॅट होऊ देऊ नका.

सूर भरायला एन दाबून सुरुवात करा. ५ म्हणजे क्वार्टर (पाव लांबीचा सूर), ४ म्हणजे एट्थ (त्याच्या निम्मा), शून्य म्हणजे विश्रांती. सुरांची अक्षरं ए ते जी. कीबोर्ड मराठीवर राहिला तर यातलं काहीच चालत नाही. प्रोग्राम बिघडल्यासारखा वाटतो, पण भाषा बदलली की सुरळीत होतं. राहून गेलेला सूर मध्ये टाकायला गेलात तर तो पुढच्या सुरावर बसतो, पुढचे सूर सरकत नाहीत. तिथपासून खंड संपेपर्यंतचा भाग कापा आणि एक मात्रा पुढे चिकटवा. अख्खं माप (दोन उभ्या रेघांमधला भाग) काढायचं तर नुसतं डिलीट पुरत नाही, त्याने विश्रांती उरते; कंट्रोल-डिलीट दाबा.

केरवा ४/४ मध्ये एट्थनी, दादरा ६/८ मध्ये. रूपकला ७/८ घ्या, पण टाइम सिग्नेचरच्या (तालाच्या आकड्यांच्या) प्रॉपर्टीजमध्ये वरचा आकडा ३+२+२ असा लिहा आणि तिथेच दांड्यांचे गट तसे जोडा. गट चुकले की ठेका कागदावर दिसत नाही आणि वादक आकडे मोजत बसतो. मुखडा समेच्या आधी उचलत असेल तर नवा स्कोर करतानाच पिकअप माप मागा. विसरलात तर पहिल्या मापाच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रत्यक्ष लांबी कमी करा आणि ते माप मोजणीतून वगळा. नाहीतर तबलजी म्हणेल ‘नववं’ आणि तुमच्या कागदावर ते दहावं असेल.

आता शब्द. वेळ सगळ्यात जास्त इथे जातो. कंट्रोल-एल दाबल्यावर स्पेसने पुढचा शब्द, हायफनने त्याच शब्दाचं पुढचं अक्षर, आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर आलाप असेल तर शिफ्ट-हायफनने रेघ लांबते. अक्षर शब्दाच्या मध्ये असेल तर हायफनच पुन्हा पुन्हा दाबायचा. इंग्रजी आणि मराठी कीबोर्डची अदलाबदल टाळायला आख्खी ओळ आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये फोडून लिहा: ‘चां-द-णे फु-ल-ले’. ती कॉपी करा, पहिल्या सुरावर कंट्रोल-एल दाबा आणि कंट्रोल-व्ही दाबत जा. दर वेळी एक अक्षर बसतं आणि कर्सर पुढे सरकतो. जोडाक्षर मोडू नका. ‘चंद्र’ हे ‘चं-द्र’, ‘पुस्तक’ हे ‘पु-स्त-क’. गाताना स् आधीच्या अक्षराला चिकटतो हे खरं, पण कागदावर ‘पुस्-’ पाहून गाणारा क्षणभर थबकतो.

शब्दांच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. संगणक आपल्याकडचा कुठलाही फॉन्ट उचलतो आणि दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरांच्या मात्रा सुरांवर चढतात. फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्स इथे जाऊन नोटो सेरिफ देवनागरी किंवा ‘मुक्त’ हा फॉन्ट निवडा. लिरिक्सच्या नोंदी तिथे दोन आहेत, विषम ओळींची आणि सम ओळींची. एकच बदलली तर पहिला अंतरा नीट दिसतो, दुसरा बिघडतो. स्कोरमधला बदल आधीच तयार झालेल्या पार्ट्समध्ये (एकेका वाद्याच्या वेगळ्या कागदांमध्ये) आपोआप जात नाही. पार्ट उघडून त्याच्या स्टाइलमध्ये ‘सर्व पार्ट्सना लावा’ हे बटण दाबावं लागतं.

‘मुखडा’, ‘अंतरा १’ ही नावं कंट्रोल-एमने रिहर्सल मार्क म्हणून द्या, साध्या मजकुराने नको. रिहर्सल मार्क प्रत्येक पार्टमध्ये दिसतो. स्टाफ टेक्स्ट फक्त त्याच वाद्याच्या पार्टमध्ये जातो आणि बाकीच्यांना कोरा कागद मिळतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट किंवा आल्टो सॅक्सोफोन असेल तर पार्ट छापताना कॉन्सर्ट पिच (सूर प्रत्यक्ष ऐकू येतो तसाच लिहून दाखवणारी सोय) बंद असल्याची खात्री करा. चालू राहिला तर बी फ्लॅट क्लॅरिनेट अख्खं गाणं एक स्वर खाली वाजवेल.

माप दिसायला दाटीचं झालं की सूर माउसने ओढू नका, पुढच्या बदलाबरोबर ते पुन्हा विस्कटतात. ज्या मापावर ओळ तोडायची ते निवडून एंटर दाबा. चार मापांची ओळ बहुतेक मराठी गाण्यांना सोयीची पडते, कारण शब्दांना रुंदी लागते. वादकाला फाइल न देता पीडीएफ द्या. एक पान छापून स्टँडवर ठेवा, हातभर मागे उभं राहून मात्रा वाचता येतात का बघा. नाही आल्या तर पेज सेटिंग्जमध्ये स्टाफ स्पेस (दोन रेघांमधलं अंतर) वाढवा; १.७५ मिमीला पाच रेघांची उंची ७ मिमी होते.