छोट्या तेलशोध कंपन्यांचे शेअर घेताना या चुका टाळा

तेलाचा एक थेंबही अद्याप विकलेला नाही, पण एखाद्या समुद्रात किंवा वाळवंटात खोदण्याचा परवाना हाती आहे, अशा कंपन्यांचे शेअर लंडन शेअर बाजाराच्या, छोट्या कंपन्यांसाठी असलेल्या एआयएम बाजारात काही पेन्सला मिळतात. टोरांटोचे व्हेंचर एक्स्चेंज आणि ऑस्ट्रेलियाचा शेअर बाजार हीदेखील त्यांची नेहमीची ठिकाणे आहेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एआयएमचे शेअर २०१३ पासून करमुक्त आयएसए खात्यात ठेवता येतात, तर भारतातील रहिवाशांना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, परदेशी ब्रोकरमार्फत ते घेता येतात. या शेअरांत कुणाचे भले होतच नाही असे मुळीच नाही. मात्र बुडणाऱ्यांच्या चुका पुन्हापुन्हा त्याच असतात आणि त्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: जमिनीखाली काय आहे याकडे गुंतवणूकदाराचे सगळे लक्ष असते, आणि ते बाहेर काढण्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न तो विचारतच नाही.

पहिल्या बातमीवर उडी घेणे

२०१० साली फॉकलंड बेटांच्या उत्तरेकडील समुद्रात ‘ओशन गार्डियन’ या एकाच रिगने, म्हणजे खोदकामाच्या तरंगत्या यंत्रणेने, आळीपाळीने वेगवेगळ्या कंपन्यांच्या विहिरी खोदल्या. डिझायर पेट्रोलियमची ‘लिझ’ ही पहिली विहीर निराशाजनक ठरली आणि शेअर कोसळला. त्यानंतर मे महिन्यात रॉकहॉपर कंपनीला ‘सी लायन’ येथे तेल लागले आणि तिच्या शेअरचा भाव एका दिवसात दुपटीहून अधिक झाला. पुढची गर्दी डिझायरकडे वळली, कारण खोरे तेच, रिग तीच आणि तेल तर शेजारी सापडलेले. डिसेंबरच्या सुरुवातीस डिझायरने ‘रेचल नॉर्थ’ विहिरीत तेल लागल्याचे जाहीर केले, आणि अवघ्या काही दिवसांत नमुन्यांची तपासणी होऊन ते तेल नसून पाणी असल्याचे कळवले. भाव सुमारे निम्म्यावर आला.

पहिली घोषणा विहिरीत सोडलेल्या उपकरणांच्या नोंदींवर, म्हणजे लॉगवर, बेतलेली होती. लॉगवरून खडकात हायड्रोकार्बन असल्याचा अंदाज बांधता येतो. द्रवाचा नमुना वर येऊन तपासला जाईपर्यंत तो अंदाजच राहतो. म्हणून ‘लॉगनुसार तेलाची लक्षणे’, ‘नमुना मिळाला’ आणि ‘प्रवाह चाचणी झाली’ (म्हणजे विहिरीतून तेल प्रत्यक्ष वाहू देऊन मोजले) या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत हे घोषणा वाचतानाच ध्यानात घ्यावे. शेजारच्या गटात, म्हणजे परवान्याच्या क्षेत्रात, तेल सापडले म्हणून आपल्या कंपनीच्या गटातही सापडेल, हा युक्तिवाद भूगर्भात टिकत नाही, कारण तेल अडवून धरणारा खडकाचा सापळा काही किलोमीटरवरही बंद असेलच असे नाही.

प्रवाह चाचणीचा आकडासुद्धा जपून वाचावा लागतो. इंग्लंडमध्ये गॅटविक विमानतळाजवळच्या हॉर्स हिल विहिरीतून २०१६ च्या चाचण्यांत तीन थरांचे मिळून दिवसाला १,६८८ बॅरल तेल आल्याचे जाहीर झाले होते. ती बेरीज वेगवेगळ्या वेळी, थोड्या काळासाठी केलेल्या चाचण्यांची होती. पुढे नियमित उत्पादन सुरू झाले तेव्हा ते त्या आकड्याच्या जवळपासही गेले नाही. शिवाय जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, तेल जाळल्याने होणाऱ्या उत्सर्जनाचा विचार झाला नव्हता या कारणावरून, तेथील विस्ताराची परवानगीच रद्द ठरवली.

जमिनीतल्या तेलाला बाजारभावाने गुणणे

याच हॉर्स हिलच्या निमित्ताने एप्रिल २०१५ मध्ये दक्षिण इंग्लंडखाली १०० अब्ज बॅरल तेल असल्याच्या बातम्या आल्या. तो आकडा सगळ्या वील्ड खोऱ्यातील खडकांत असू शकणाऱ्या तेलाचा होता. त्यातील फार थोडा भाग काढता येईल असे तेव्हाच सांगितले गेले होते आणि काही दिवसांत तो आकडा देणाऱ्या कंपनीला अधिक खुलासाही करावा लागला. तोवर अनेकांनी वरच्या भावाला खरेदी उरकली होती. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, अशी ही स्थिती असते.

अहवालात दिसणारे शब्द ओळीने समजून घेतले तर हा धोका बराच कमी होतो. ‘ऑइल इन प्लेस’ म्हणजे खडकात असलेले एकूण तेल. त्याचा मोठा भाग तिथेच राहतो. ‘प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्सेस’ म्हणजे विहीर खोदण्याआधीचा अंदाज. ‘कंटिंजंट रिसोर्सेस’ म्हणजे शोध लागलेला, परंतु पैसा, परवानगी किंवा बाजारपेठ यांपैकी काहीतरी अडलेले. ‘रिझर्व्ह्ज’ हा शब्द फक्त व्यापारीदृष्ट्या काढता येण्याजोग्या साठ्याला लागतो. समजा, कंपनी २० कोटी बॅरलचा अंदाज छापते, यशाची शक्यता २० टक्के असल्याचे तीच अहवालात सांगते आणि गटात तिचा वाटा २५ टक्के आहे. जोखीम धरून तिच्या नावावर उरतात १ कोटी बॅरल. त्यांनाही ब्रेंटच्या, म्हणजे जागतिक बाजारातील प्रमाण कच्च्या तेलाच्या, भावाने गुणायचे नसते. सी लायनमध्ये २०१२ साली प्रीमियर ऑइलने ६० टक्के वाटा घेतला, तेव्हा रॉकहॉपरला रोख मिळाले २३.१ कोटी डॉलर. बाकीचे आश्वासन विकासखर्च उचलण्याचे होते. काढता येईल असे तेल तेव्हा ३० कोटी बॅरलच्या आसपास मानले जात होते. म्हणजे प्रत्येक बॅरलमागे हातात पडलेली रोख रक्कम सव्वा डॉलरच्या आसपास, आणि त्या वर्षी ब्रेंट शंभर डॉलरच्या वर होते.

रोकड आणि शेअरसंख्या न पाहणे

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण तेल सापडूनही ती पैसे बुडवते. उत्पन्न नसलेली कंपनी पुढची विहीर, कार्यालय आणि संचालकांचे पगार हे सारे नवे शेअर विकून भागवते. समजा, कंपनीचे ५० कोटी शेअर आहेत आणि भाव ४ पेन्स आहे. बाजारमूल्य झाले २ कोटी पाउंड. बँकेत १५ लाख पाउंड आहेत, महिन्याचा खर्च अडीच लाख आहे आणि विहिरीतील स्वतःच्या हिश्शासाठी ४० लाख लागणार आहेत. सहा महिन्यांची शिदोरी असलेल्या या कंपनीला पैसे उभारणे अटळ आहे, आणि संस्थात्मक खरेदीदार ते बाजारभावाने देत नाहीत. प्लेसिंग, म्हणजे निवडक मोठ्या खरेदीदारांना नवे शेअर विकणे, २.५ पेन्सला झाले तर १६ कोटी नवे शेअर निघतील, आणि प्रत्येक नव्या शेअरमागे अर्धा वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) दिला असेल तर आणखी ८ कोटींची टांगती तलवार राहील. आपण ४ पेन्सला घेतलेला शेअर, विहिरीची एक फूटही खोदाई होण्याआधी, अडीच पेन्सच्या दिशेने ओढला जातो. चांगल्या बातमीनंतर भाव चढला की दुसऱ्याच दिवशी प्लेसिंग जाहीर होणे हे या क्षेत्रात नित्याचे आहे, आणि त्यात छोट्या भागधारकाला बहुतेक वेळा सहभागही मिळत नाही.

उत्तर समुद्रातील बेंटली क्षेत्र हाती असलेल्या एक्साइट एनर्जीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेल होते, चाचणी झाली होती आणि सुमारे २५ कोटी बॅरलचे साठे स्वतंत्र अहवालात नोंदलेले होते. परंतु जड तेलाचे ते क्षेत्र विकसित करण्यासाठी भागीदार मिळाला नाही. जून २०१४ मध्ये ११५ डॉलरच्या घरात असलेले ब्रेंट जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली गेले आणि १३.५ कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड थकली. २०१६ मध्ये कंपनी संपली. भागधारकांच्या हाती काही लागले नाही. त्याच वर्षी कुर्दिस्तानातील शैकान क्षेत्रातून प्रत्यक्ष तेल काढणाऱ्या गल्फ कीस्टोनमध्येही कर्जाचे शेअरांत रूपांतर होऊन बहुतांश मालकी रोखेधारकांकडे गेली. आपल्याकडच्या केजी-डी६ वायुक्षेत्रात १० टक्के वाटा असलेली कॅनडाची निको रिसोर्सेस एकेकाळी शंभर कॅनेडियन डॉलरच्या वर होती. साठ्यांचा अंदाज घटला, कर्ज उरले आणि शेअर मातीमोल झाला.

त्यामुळे खरेदीपूर्वी भूगर्भीय नकाशांआधी तीन आकडे लिहून काढावेत: शिल्लक रोकड, महिन्याचा खर्च आणि वॉरंट-ऑप्शनसह एकूण शेअरसंख्या. एआयएमच्या नियम २६ नुसार शेअरसंख्या कंपनीच्या संकेतस्थळावर असावीच लागते आणि सहामाही हिशेब तीन महिन्यांच्या आत जाहीर करावा लागतो. मोठ्या कंपनीने ‘फार्म-इन’ करून, म्हणजे परवान्यात वाटा घेऊन, विहिरीचा खर्च उचलला असेल तर धोका कमी होतो. मात्र तो करार सह्या होऊन जाहीर झालेला असावा. ‘चर्चा प्रगतिपथावर’ या शब्दांना वर्षानुवर्षे काही अर्थ नसतो.

फरकाचा आणि उधारीचा हिशेब न करणे

खरेदीचा भाव १.२ पेन्स आणि विक्रीचा १ पेनी असेल, तर घेतल्या क्षणी रकमेचा सहावा हिस्सा गेलेला असतो. वाईट बातमीच्या दिवशी हा फरक आणखी रुंदावतो आणि मोठ्या संख्येला गिऱ्हाईकच नसते. एका रात्रीत भाव निम्मा होणाऱ्या शेअरमध्ये स्टॉपलॉसही, म्हणजे ठराविक भाव आल्यास विकण्याची आगाऊ सूचनाही, ठरवलेल्या भावाला लागत नाही. उधारीवर हे शेअर कुणीच घेऊ नयेत. भारतातील रहिवाशांना तर परदेशी बाजारातील मार्जिनसाठी पैसे पाठवण्याची परवानगीच नाही. आणि फोनवरून बिगरनोंदणीकृत तेल कंपनीचे ‘लवकरच लिस्ट होणारे’ शेअर कुणी विकू लागले, तर ब्रिटनच्या वित्तीय आचार प्राधिकरणाच्या नोंदवहीत त्याचे नाव पाहावे. सेबीला तेथे अधिकार नाही, त्यामुळे पैसे गेल्यावर भारतात दाद मागणे फार अवघड होते.

आधीच अडकला असाल तर

पडत्या भावात आणखी शेअर घेऊन सरासरी उतरवणे, हा पहिला मोह आवरावा. नवी रक्कम घालण्याआधी वरचे तीन आकडे ताज्या हिशेबातून पुन्हा काढावेत. रोकड सहा महिन्यांहून कमी पुरणारी असेल, तर पुढचे प्लेसिंग होईपर्यंत थांबलेले बरे. विहीर खोदण्याच्या आधीच्या आठवड्यांत अपेक्षेपोटी भाव चढलेला असेल, तर निकालापूर्वीच निदान घातलेली मुद्दल काढून घ्यावी. पाचांपैकी चार वेळा अपयश येईल असे कंपनी स्वतः सांगत असताना संपूर्ण गुंतवणूक निकालाच्या भरवशावर ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

कंपनीच्या नोमॅडने, म्हणजे एआयएमवर सक्तीने नेमाव्या लागणाऱ्या सल्लागाराने, राजीनामा दिल्यास व्यवहार स्थगित होतात आणि महिन्याभरात नवा नोमॅड मिळाला नाही तर नोंदणी रद्द होते. अशा वेळी ब्रोकरकडून धारणेचा लेखी दाखला घेऊन ठेवावा. भारतातील करदात्याने हे शेअर, ते कवडीमोल झाले असले तरी, विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या ‘एफए’ परिशिष्टात दाखवावेत. तेथील माहिती आर्थिक वर्षाची नसून कॅलेंडर वर्षाची लागते, आणि नेमके हेच अनेकांकडून चुकते. ब्रिटनमधील धारकांना शेअर निर्मूल्य झाल्याचा दावा एचएमआरसी या तेथील कर खात्याकडे करून तो तोटा इतर भांडवली नफ्यातून वजा करता येतो. आयएसए खात्यातील शेअरांना मात्र ही सवलत मिळत नाही, कारण तेथील नफ्यावर कर नसल्यामुळे तोटाही करासाठी मोजला जात नाही.