हम्फ्रीज पीक चढताना या चुका टाळा

जुलैत अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराचा पारा पंचेचाळीसला टेकला की आपली मंडळी थंड हवेसाठी फ्लॅगस्टाफला धावतात आणि लगे हात हम्फ्रीज पीक हे ॲरिझोनाचं सर्वांत उंच शिखर चढायचं ठरवतात. जरूर चढा. पण दर पावसाळ्यात त्याच त्या चुका बघून जीव वैतागतो.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे उशिरा निघणं. तिथेही जुलै ते सप्टेंबर मॉन्सून असतो. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी विजा. एका जुलैत आमच्या गटातल्या दोघांचं आवरेना, म्हणून निघायला दहा वाजले. ११,८०० फुटांवरच्या खिंडीत पोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि पश्चिमेला काळंभोर झालं होतं. "ते काय, समोरच तर आहे," म्हणत दोघं पुढे गेले. समोर दिसतं ते शिखर नसतंच. तशा फसव्या टेकड्या एकामागून एक येतात, आणि त्या उघड्या धारेवर आडोशाला झुडूपही नाही. मी त्यांना आणायला गेलो, तोवर काठ्यांची टोकं गुणगुणायला लागली आणि हातावरचे केस उभे राहिले, म्हणजे वीज पडायच्या बेतात होती. गारांच्या माऱ्यात पळत उतरलो. ज्वालामुखीच्या सुट्या दगडांवर एकाचा घोटा मुरगळला. तेव्हापासून मी पहाटे पाचला चालू लागतो. अकरा वाजले की शिखर दहा मिनिटांवर असलं तरी माघारी फिरतो. यावर माझ्याशी वाद घालू नका.

"आम्ही कळसूबाई केलंय" हेही पुरे झालं. कळसूबाईचा माथा ५,४०० फुटांवर, इथे गाडी लावतो तीच जागा ९,३०० फुटांवर आणि शिखर १२,६३३ फुटांवर! फिनिक्स जेमतेम १,१०० फूट. तिथून त्याच सकाळी येऊन चढलात तर विरळ हवेत डोकं ठणकणारच. आदल्या रात्री फ्लॅगस्टाफला झोपा. मळमळ सुरू झाली तर गोळी घेऊन पुढे रेटू नका, उतरा.

वाटेत पाणी नाही, माणशी तीन लिटर घ्या. जॅकेट उन्हाळ्यातही हवंच.

आणि शॉर्टकट मारणाऱ्यांनो, ११,४०० फुटांच्या वर पायवाट सोडायला बंदी आहे. हा डोंगर होपी आणि नवाहो या इथल्या मूळ रहिवासी जमातींना पवित्र आहे. शिवाय जगात दुसरीकडे कुठेही न उगवणारं एक पिवळ्या फुलांचं बुटकं रोप इथल्या दगडांच्या घसरणीत मूळ धरून असतं. दहा मिनिटं वाचवायला तुम्ही ते दगड घसरवत उतरता, तेव्हा ते मुळासकट जातं.